ठेव आणि पावती

कर चुकविणे हे पाप की केवळ कायद्याचा भंग, हा प्रश्न आपल्या उद्योगी वस्तीत वरचेवर निघतो. ‘सरकारचा पैसा कोणा एकाचा नव्हे, मग त्यात कोणाचे बुडाले?’ असे एक म्हणतो. ‘वाचला तो पैसा आम्ही दानधर्मासच लावतो,’ असे दुसरा म्हणतो. दोघेही एरवी सज्जन असतात; म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा विचार नीट व्हावयास हवा.

उद्यमबागेत ओतीव कामाचे व यंत्रभागांचे कारखाने एकमेकांवर अवलंबून आहेत. एकाचा पक्का माल तो दुसऱ्याचा कच्चा माल. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. हा कर विकणारा घेणाऱ्याकडून वसूल करतो व सरकारात भरतो. घेणाऱ्यास आपल्या करात त्याची वजावट मिळते. विकणाऱ्याने तो भरलाच नाही, तर घेणाऱ्याची वजावट धोक्यात येते आणि एकाच मालाचा भुर्दंड त्याला दोनदा सोसावा लागतो. बुडतो तो आपला शेजारी. वसूल केलेला कर ही आपली मिळकत नसून विश्वासाने सोपविलेली ठेव होय.

मालाची देवघेव न करता नुसते बिल फाडणे हा तर त्याहून घोर प्रकार. २०२५ च्या आरंभी खुद्द बेळगावात अशा आरोपावरून अटक झाली. आरोपाचा निर्णय न्यायालय करील. कायदा मात्र स्पष्ट आहे. कराची रक्कम ५ कोटींहून अधिक असेल तर ५ वर्षांपर्यंत कारावास. रक्कम लहान असली तरी कपट ठरल्यास कराइतकाच दंड, शिवाय व्याज.

त्याच कायद्याने परतीची वाटही ठेवली आहे. नोटिशीपूर्वी आपण होऊन कर व व्याज भरणाऱ्यास दंड १५ टक्के. नोटिशीनंतर मुदतीत भरल्यास २५. आदेशानंतर मुदतीत भरल्यास ५०. दंड वाचावा म्हणून दिलेली कबुली नैतिक म्हणावी काय? हेतू निर्मळ नसला तरी बुडालेले परत मिळते, एवढे तिचे मोल आहेच. खरी परीक्षा पुढे आहे. अधिकाऱ्यापुढे सगळ्या वह्या ठेवणे, ज्याची वजावट अडकली त्याची भरपाई करणे, कारकुनावर दोष न ढकलणे, हे ज्याने केले त्याची कबुली भीतीपलीकडे गेली असे समजावे. सहकार्य म्हणजे चुकीची आकारणी मुकाट्याने मान्य करणे नव्हे. अपिलाचा मार्ग मोकळा आहे. तोही खऱ्या हिशेबानिशीच चालावा.

आता दानधर्माची सबब. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. धान्य स्वतःच्या घरी नेले नव्हते, हेतू निःस्वार्थ होता. तरीही कथेतील विठ्ठल खजिन्याचे देणे माफ करवून घेत नाही. तो सेवकाच्या रूपाने बिदरच्या दरबारी जातो, धान्याची पुरी किंमत मोजतो आणि पावती घेतो. ज्याने भुकेल्यांसाठी कोठार उघडले त्याचेही देणे फेडावे लागले. मग शेजाऱ्याच्या ठेवीतून दिलेली देणगी देवास कशी रुचावी?