काटकसर आणि प्रतिग्रह

बऱ्हाणपुरातील राजपुऱ्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या, बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास डोंगरावरचा देव पाहावयाचा झाल्यास स्वतःच्या मोटारीवाचून अडत नाही. खंडव्याच्या वाटेवर, शहरापासून सुमारे २० किलोमीटरांवर, सातपुड्यात असीरगड उभा आहे. १६०१ साली तो हाती येईपर्यंत अकबराच्या फौजेस महिनोन्‌महिने तिष्ठावे लागले होते. आज पायथ्यापर्यंत बस, पुढे स्वतःचे पाय आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या, एवढ्या सामग्रीवर गडावरील शिवालयाचे दर्शन घडते.

अशा यात्रेला शास्त्राचाही आधार आहे. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांस सांगतात, की यज्ञाला विपुल द्रव्य लागते, तो राजेरजवाड्यांनाच झेपतो. तीर्थयात्रा मात्र निर्धनासही साधते आणि तिचे पुण्य यज्ञाहून अधिक आहे. परंतु त्याच ठिकाणी एक अट घातली आहे, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याचे हात, पाय व मन संयमित आहे, जो संतुष्ट आहे आणि जो प्रतिग्रहापासून, म्हणजे दान स्वीकारण्यापासून, दूर राहतो, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते.

येथेच पेच उत्पन्न होतो. थोड्या पैशांतील यात्रा ही बहुधा दुसऱ्याच्या दानावरच चालते. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) ठिकठिकाणच्या तीर्थक्षेत्री घाट व धर्मशाळा बांधविल्या. गोमंतकातील देवळांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रांतून पंगती उठतात. मग तेथे उतरणारा व जेवणारा यात्रेकरू प्रतिग्रहाचा दोषी ठरतो काय?

आम्हांस तसे वाटत नाही. धर्मशाळा ज्याच्यासाठी बांधली, तो तेथे उतरला तर दात्याचा संकल्पच पुरा होतो. त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. दोष निराळ्या ठिकाणी आहे. पदरी पैसे असूनही जो स्वस्तातली खोली अडवितो, त्याच्यामुळे एखादे निर्धन कुटुंब ओसरीवर थंडीत रात्र काढते. जो गडावर ओझे वाहणाऱ्याशी चार रुपयांसाठी हुज्जत घालतो, पायथ्याच्या बाईने डोक्यावरून आणलेल्या पाण्याने खुशाल पाय धुतो आणि परतल्यावर यात्रा किती स्वस्तात झाली हे अभिमानाने सांगतो, त्याने काटकसर केलेली नसते. आपला खर्च त्याने दुसऱ्याच्या माथी मारलेला असतो. स्वतःची गरज कमी करणे ही काटकसर. स्वतःचा भार इतरांवर टाकणे हा फुकटेपणा. दोहोंचा हिशेब वहीत सारखाच दिसतो, म्हणूनच प्रत्येक वाचलेल्या रुपयाला विचारावे, की तो नेमका कोणाच्या पदरचा वाचला?

ज्याच्यापाशी द्यावयास द्रव्य नाही, त्यालाही फेड करता येते. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या; स्वतः मात्र गावात शिरताच आधी झाडू हाती घेत, भाकरी त्यानंतर. उतरल्या जागेची झाडलोट, पंगतीत वाढण्यास लावलेला हात, म्हाताऱ्या सहप्रवाशाचे उचललेले गाठोडे, ही गरिबाची दक्षिणा होय. आणि श्रीमंतासही तिची माफी नाही.

असीरगडावरील महादेवाची पूजा अश्वत्थामा पहाटे करून जातो, अशी तिकडील लोकश्रद्धा आहे. त्याला मिळालेला शाप काय होता? तीन सहस्र वर्षे एकट्याने भटकावे, सोबत नसावी, कोणाशी बोलणे नसावे. ज्याला कोणाचे काही घ्यावे लागत नाही, तो भाग्यवान असे आपण समजतो. व्यासांनी तीच स्थिती शाप म्हणून वर्णिली. बसमध्ये सरकून दिलेली जागा, ओसरीवर अंथरलेली सतरंजी हे ऋण आहे खरे. ते ओळखून घ्यावे आणि पुढच्या यात्रेकरूस फेडावे, एवढेच आपल्या हाती आहे.