गायनविद्या आणि चरितार्थ

मुलाचा किंवा मुलीचा गळा चांगला आहे असें एखाद्या जाणत्यानें सांगितलें म्हणजे मध्यमवर्गीय घरांत आनंदाबरोबर एक काळजीहि शिरते. मुलानें गाणें शिकावें हें सर्वांस मान्य असतें. गाण्यावर जगावें हें मात्र सहसा कोणाच्या तोंडून निघत नाहीं. "पोटाचें काय?" असा प्रश्न होतो आणि बोलणें तेथेंच खुंटतें. कलेच्या कित्येक अभिमान्यांस हा प्रश्न क्षुद्र वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. तो विचारणारा बाप अरसिक असतोच असें नाहीं. पुष्कळदां घरांत गाण्याची आवड त्याच्यापासूनच आलेली असते. आमची तक्रार निराळी आहे. हा प्रश्न बारा वर्षांच्या पोराला विचारला जातो. ज्यांच्या कानांसाठीं त्यानें राबावयाचें त्या श्रोत्यांस तो कोणी विचारीत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतील जळकोटाचेंच उदाहरण घेऊं. सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव. नळदुर्गचा किल्ला जवळ, आणि तालुक्याचें ठाणें म्हणजे प्रत्यक्ष तुळजाभवानीचें तुळजापूर. या मुलुखांत सुराचें दुर्भिक्ष आहे असें कोण म्हणेल? गोंधळ्याचें संबळ आहे, भजनाची पेटी आणि पखवाज आहे. परंतु ख्यालाची रीतसर तालीम हवी असली तर पोरानें सोलापूर किंवा पुणें गांठावें, हाच सल्ला त्याला बहुधा मिळेल. याचें कारण येथील लोकांच्या बुद्धींत शोधूं नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड, कोल्हापूर या लहानमोठ्या संस्थानांनीं दक्षिण महाराष्ट्रांत गवयांना जो आसरा दिला, तसा आसरा देणारे दरबार येथील मुलांच्या हाकेच्या अंतरावर नव्हते.

त्या आसऱ्याची किंमत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या चरित्रावरून कळते. १८४९ सालीं जन्मलेल्या या माणसानें विद्येसाठीं वणवण केली, वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं ग्वाल्हेरची गायकी मिळविली, आणि दम्यानें गांजल्यावर हवापाण्यासाठीं ते प्रथम मिरजेस व पुढें इचलकरंजीस येऊन राहिले. तेथें त्यांची सोय लागली. एका दमेकरी गवयाच्या पोटाची चिंता मिटली आणि महाराष्ट्राच्या पदरांत ख्यालगायकी पडली! याहून स्वस्त सौदा कोणत्या प्रांतानें केला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं हाच प्रश्न दरबाराबाहेर सोडविण्याचा यत्न केला. त्यांस मिरजकरांचा आश्रय होता. परंतु गवयास समाजांत मिळणारी हलकी वागणूक त्यांस सहन होईना, व १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. सामान्य श्रोत्यांनीं तिकीट काढून गाणें ऐकावें, म्हणजे गवई कोणाचा मिंधा राहणार नाहीं, हा त्यांचा विचार. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि १९०८ सालीं मुंबईस आणलें. होतकरू शिष्यांच्या जेवण्याराहण्याचा भार ते स्वतः उचलीत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे सारे त्यांच्याच हाताखालीं तयार झाले. पण पुढें मुंबईची इमारत कर्जापायीं गेली. ज्या शहरानें त्यांच्या सभा गर्दीनें भरविल्या त्याच शहराला ती वांचवितां आली नाहीं, ही गोष्ट चरित्रकार एका ओळींत उरकतात. आम्हांस ती फार बोलकी वाटते. तिकीट म्हणजे एका संध्याकाळची किंमत. त्या संध्याकाळीमागें जीं वर्षें असतात त्यांचें बिल श्रोत्यांच्या हातीं कधीं येतच नाहीं.

यावर व्यवहारी माणसांचा तोडगा ठरलेला: नोकरी करावी आणि फावल्या वेळीं गावें. पंडित भातखंडे वकीलच होते ना? होते, आणि कोणाच्या आश्रयावर अवलंबून नसल्यामुळेंच त्यांस घराण्याघराण्यांतल्या चिजा निर्भीडपणें गोळा करतां आल्या. परंतु त्यांचें कार्य शास्त्रकाराचें. मैफलीच्या गवयाला सकाळचा गळा लागतो, आणि तो कचेरी मागून घेते. डॉ. वसंतराव देशपांडे यांनीं लष्करी हिशेबखात्यांत वर्षानुवर्षें कारकुनी केली. 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांचें उदाहरण नोकरीच्या बाजूनें देणारांनीं तो आंकडा एकवार नीट पाहावा.

विद्या मिळाली म्हणजे संपलें असेंहि नाहीं. अमलेटा संस्थानांत अतोनात गाऊन अल्लादियाखांसाहेबांचा आवाज बसला, आणि पूर्वीचा तो पुन्हां आला नाहीं. उरलेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनीं मेहनतीनें घडविली असें जाणकार मानतात; तिलाच आज आपण जयपूर-अत्रौली म्हणतों. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर १९२१ पासून खांसाहेबांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, त्यांच्यापाशीं शिकत राहिल्या, आणि आवाज ढळण्यापूर्वींच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनीं जाहीर गाणें थांबविलें. थांबणें हेंहि ज्याच्या गांठीं कांहीं आहे त्यालाच परवडतें. पुढच्या महिन्याच्या घरभाड्यासाठीं बसलेल्या गळ्यानें बैठक करणाऱ्या तरुणास खांसाहेबांचें धैर्य शिकविण्यांत काय स्वारस्य?

मध्यम वर्गानें या पेंचांतून आपल्यापुरती वाट काढली आहे, ती परीक्षांची. १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनीं घरोघर सुराची ओळख करून दिली, हें ऋण मोठें आहे. परंतु विशारदाचें प्रमाणपत्र चौकटींत लावून तंबोरा माळ्यावर टाकणें यास संगीताची उपासना म्हणवत नाहीं. आणि याच घरांतून लग्नाच्या मांडवावर लाखांनीं खर्च होत असतां गणेशोत्सवांत गाणाऱ्या मुलीस मानधन विचारलें तर "अहो, ही तर सेवा" असें उत्तर मिळतें! सेवा करावी ती तिनेंच काय म्हणून?

दरबार गेले, सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, आणि कोलकात्यास १९७७ पासून गुरूच्या सहवासांत शिष्यांस राहवून शिकविणारी संगीत रिसर्च अकादमीहि आहे. पण तेथपर्यंत पोंचण्याआधीं पोराची आठ-दहा वर्षें गांवांतच जावयाचीं असतात. जळकोट, नळदुर्ग, तुळजापूर येथील वीस घरांनीं मनांत आणलें तर एका विद्यार्थ्याचें सोलापूरचें खोलीभाडें व गुरुदक्षिणा त्यांस जड जाऊं नये. तो मोठा गवई झाला नाहीं तर? बहुधा होणारहि नाहीं. पलुसकरांनीं पोसलेल्या पोरांपैकीं ओंकारनाथ एकच निघाले. बाकीचे कित्येक गांवोगांवीं पेटी घेऊन मुलांना यमन शिकवीत बसले. तसा एखादा विद्यार्थी उद्यां जळकोटास परत आला, तर निदान तेथल्या पुढच्या मुलाला सोलापूर गांठावें लागणार नाहीं.