समुद्र बहारीनचा, नाव बसऱ्याचं

बहारीनच्या गुदैबिया भागात राहणाऱ्या एका मराठी अभियंत्यानं आखातातल्या मराठी कुटुंबांसाठी वेबसाइट काढली. भाकरीचं पीठ कुठे मिळतं, गणपतीची मूर्ती कुणाकडे सांगायची, मुंबईच्या तिकिटाचे भाव काय, असं सगळं तिथे असे. माणसं येत, हवं तेवढं बघून निघून जात. खर्च निघायला जाहिरात हवी आणि जाहिरातीला वर्दळ हवी. मग त्याला पॉडकास्ट सुचले. मराठीत कितीतरी जण छान बोलतात. त्यांना इथे ऐकायची सोय केली, तर लोक रोज येतील आणि रेंगाळतील.

विचारात खोट नव्हती. दुसऱ्याचं चांगलं काम चार माणसांपुढे ठेवणं हे पुण्याचंच काम आहे, असं मी मानतो. खोट होती ती पद्धतीत. 2004 च्या सुमारास पॉडकास्ट रूढ झाले तेव्हापासून त्यांची व्यवस्था साधी आहे. आवाजाची फाइल निर्मात्यानं ठेवलेल्या जागीच राहते, फीडमधून फक्त तिचा पत्ता जगभर जातो. कुणी कुठूनही ऐकायला घेतली, की फाइल त्या मूळ जागेवरून येते आणि नोंदही तिथेच पडते. आपल्या अभियंत्यानं फाइली उतरवून घेतल्या आणि स्वतःच्या सर्व्हरवर चढवल्या. सुरुवातीचं नावगाव सांगणारं अर्धं मिनिटही कापलं. लोकांना थेट गोष्ट लागते, म्हणाला.

वर्दळ वाढली. सगळ्यांत जास्त ऐकला जाई तो कुडाळकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा कार्यक्रम. बाई मालवणीतून जुन्या गोष्टी सांगत. रात्री पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून, उकाड्यात घाम पुसत त्या मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. मनामा, जुफैर, मुहर्रकमधल्या घरांत पोरं त्या गोष्टी ऐकत झोपायची. बाईंच्या नोंदीत मात्र ऐकणाऱ्यांचा आकडा विशीपुढे जाईना. चतुर्थीनंतर त्यांनी काम थांबवलं. कुणी ऐकतच नाही, तर घसा कशाला कोरडा करा?

बहारीनमध्ये विचारणा सुरू झाली, नवीन गोष्ट कधी? अभियंत्याकडे उत्तर नव्हतं.

जुफैरच्या एक वहिनी सुट्टीत गावी गेल्या होत्या. कुडाळच्या बाजारात ओळखीचा आवाज कानावर आला म्हणून त्या थबकल्या. "बाई, तुमची गोष्ट लागल्याशिवाय आमचो झील झोपणा नाय." बाईंना काही कळेना. "खंय लागता?" वहिनींनी मोबाइल काढून दाखवला. बाईंनी भर बाजारात तो कानाशी धरून स्वतःची गोष्ट ऐकली आणि एवढंच विचारलं, "माझा नाव खंय गेला?"

वहिनींनी त्याच संध्याकाळी फोन लावला. "भावोजी, बाईंचं नाव का काढलंत?"

तो दोन दिवस स्वतःची बाजू मांडत राहिला. आपण फुकट प्रसिद्धीच देतो आहोत, त्यांचं नुकसान ते काय? ऑफिसात जेवताना त्यानं हे एका वयस्क बहारीनी सहकाऱ्यापुढे मांडलं. त्यांचे आजोबा गव्वास होते, म्हणजे मोत्यांसाठी बुडी मारणारे. पायाला दगड, नाकाला चिमटा, कमरेला दोर, आणि एका दमात जेवढे शिंपले हाती लागतील तेवढे. उन्हाळ्याचे चार महिने हेच. शिंपला उघडला की मोती नाखव्याचा, पुढे व्यापाऱ्याचा. हिशेब नाखवा सांगेल तो. कर्ज फिटत नसे, बापाचं मुलाच्या डोक्यावर येई. 1920 च्या दशकात सुधारणा झाल्या आणि प्रत्येक गव्वासाच्या नावाची हिशेबाची वही ठेवणं नाखव्यांना भाग पडलं. "आजोबांना अक्षर वाचता येत नव्हतं," ते म्हणाले, "पण वही ते उशाखाली ठेवून झोपत. आपण काय काढलं ते कुठेतरी लिहिलेलं आहे, एवढं त्यांना पुरत असे."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आमच्या मोत्यांना काय म्हणतात?" अभियंत्याला आईची नथ आठवली. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात जात, तिथे निवडले जात, विंधले जात, आणि आपल्या घराघरांत बसऱ्याचे मोती म्हणूनच मिरवत. ते बहारीनच्या समुद्रात कुणी श्वास कोंडून काढले, हे नथ घालणारीला कधी कळलंच नाही.

ही चूक त्या एकट्याची नव्हे. 2019 मध्ये अमेरिकेत ल्युमिनरी नावाचं ॲप मोठ्या गाजावाजानं आलं. इतरांचे पॉडकास्ट त्यात परस्पर दिसू लागताच कित्येक निर्मात्यांनी आपले कार्यक्रम तिथून काढायला लावले. ऐकणाऱ्यांची नोंद आमच्याकडे पोचत नाही, भागांसोबतच्या टिपांमधले आमचे दुवे गळतात, ही त्यांची तक्रार होती. कंपनी मोठी असो की घरगुती साइट असो, ऐकणाऱ्याची नोंद कुणाच्या वहीत पडते, प्रश्न तोच आहे.

अभियंत्यानं बाईंना फोन केला, आधी माफी मागितली. बाई शिक्षिकाच, त्यांनी पुढचं काम नेमून दिलं. "माझ्याच जागेवरनं लाव. नाव घाल, गावाचा पण घाल. आणि पोरांका मांगर म्हणजे काय कळणा नसात, ता तू लिही."

त्यानं उतरवलेल्या सगळ्या फाइली पुसल्या. बाईंचा प्लेअर जसाच्या तसा लावला, वर त्यांचं नाव आणि गाव, खाली मांगर, खळं, व्हाळ यांबद्दल चार ओळी, स्वतः लिहिलेल्या. पुढच्याच महिन्यात बाईंच्या नोंदीत बहारीन दिसू लागलं आणि गोधडी पुन्हा खिडकीला लागली.

बाकीच्यांनाही त्यानं पत्रं लिहिली. बहुतेकांनी आनंदानं होकार दिला. शेअर बाजारावर बोलणाऱ्या पुण्याच्या दोघांनी मात्र नाही म्हटलं. आमच्याच साइटवर ऐकू दे, म्हणाले. बाईंच्या खालोखाल त्यांनाच श्रोते होते, आणि एका जाहिरातदाराचं बोलणं त्यांच्या जोरावर पक्कं होत आलं होतं. अभियंत्यानं त्या रात्रीच त्यांचं पान काढलं, आणि सकाळी जाहिरातदाराला फोन करून तसं कळवलं.