चांदीवर घडवणाऱ्याचे नाव हवे

नागपूरच्या इतवारीत, सराफा ओळीत, जुना चांदीचा दागिना मोडीला आला की थेट तराजूत जातो. सरी असो, वाळे असोत की राणीछाप रुपयांची माळ, घट वजा होते, दिवसाचा भाव लागतो आणि दागिना मुशीत वितळतो. त्यावरच्या कारागिरीला मोल नसते. 2025 मध्ये चांदीने किलोमागे दीड लाखाचा टप्पा ओलांडला. अशा भावात जुना दागिना जपण्यापेक्षा मोडण्याचाच मोह मोठा. धातू उरतो, घडण कायमची जाते.

हे नागपूरला विशेष लागावे. हे शहर वसवले गोंड राजा बख्त बुलंद शाहने. गोंड घरांत चांदी ही शोभेइतकीच अडीअडचणीची ठेव. जुन्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. म्हणून गळ्यातली माळ म्हणजे मोजून ठेवलेले धन. पेरणीला गहाण टाकायचे, पीक निघाले की सोडवायचे.

अमेरिकेच्या नैऋत्येतील नावाहो लोकांची कथा याच्या फार जवळची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते मेक्सिकन कारागिरांकडून चांदीकाम शिकले. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना हाकलत छावणीत नेले. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीवर परतले. पुढे डॉलर आणि पेसो वितळवून त्यांनी दागिने घडवले, चांदीत फिरोजा बसवला. त्यांचेही दागिने व्यापाऱ्याकडे गहाण पडत. मग रेल्वेने पर्यटक आले, त्यांच्यासाठी हलका, स्वस्त माल निघाला आणि कारखान्यांच्या नकला बाजारात शिरल्या.

पण तिथे दोन गोष्टी घडल्या. कारागीर दागिन्यामागे आपली खूण ठोकू लागले. आणि 1990 च्या कायद्याने परका माल आदिवासींनी घडवलेला म्हणून विकणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. नकला थांबल्या नाहीत, तरी अस्सल वस्तूला तिच्या कर्त्याचे नाव मिळाले. नावाहो कारागीर ली यॅझी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या दागिन्यांचे प्रदर्शन 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरले. वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूचे असे प्रदर्शन भरत नाही. ते भरते ज्याला नाव आहे त्याच्या कामाचे.

आपल्याकडे हॉलमार्क आहे, पण तो शुद्धतेची हमी देतो. त्यावरून दुकानाचा माग लागेल, ज्याच्या हातांनी घडवले त्याचा नाही. भौगोलिक मानांकन गावाचे वा प्रदेशाचे नाव जपते. तिथेही व्यक्ती मागेच राहते.

कुणी म्हणेल, लोककला अनामिकच असते, नावाचा हव्यास तिला शोभत नाही. मला हे पटत नाही. गावात सोनार अनामिक नव्हता. दंडावरची नागमोडी कुणी वळवली, सरीची टोके कुणी ठोकली, हे पंचक्रोशीला ठाऊक होते. वस्तू शहरात आली आणि ते नाव गळून पडले. भिंतीवरची चित्रेही एके काळी बिननावाची होती. जनगड सिंह श्याम यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर रेखाटले, तेव्हा गोंड चित्राला चित्रकार मिळाला. वारली चित्रांसाठी जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. नावाने परंपरा खुजी झाली नाही; पुढच्या पिढीला तिच्यात उभे राहायला जागा झाली.

दागिन्यात प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. घडवणारा बहुधा सोनार आणि घडणीची रीत, आवड, अर्थ पुरवणारा गोंड समाज. मग एकाचे नाव घालून दुसऱ्याचे पुसू नये, दोन्ही लिहावीत. कारागिराची खूण धातूवर आणि घडण कोणत्या समाजाची, कोणत्या भागातली, हे पावतीवर.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे हस्तकलेचे मेळे भरतात. तिथला प्रत्येक दागिना कर्त्याच्या नावासह विकला जावा, एवढा नियम आजही होऊ शकतो. सराफांनी जुनी घडण मुशीत टाकण्याआधी तिचे छायाचित्र आणि माहिती नोंदवावी. आणि आपण ग्राहकांनी भाव विचारण्याच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे घडवले कुणी? उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत विचारत राहावे.