गंज काढू या



मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला निरोप घेतला. काही घरांत मात्र ही जुनी गाडी आजही जपली जाते. तिचा हेडलाइट मंदावला की आपण लगेच नवी बॅटरी शोधतो. पुष्कळदा बॅटरी चांगलीच असते. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे जोडलेली, तिथे गंज चढलेला असतो. बॅटरीची वायर सोडवून तो सांधा पॉलिश पेपरने घासला, स्क्रू घट्ट आवळला, की दिवा उजळतो. वायरचे आवरणच तडकले असेल, तर मात्र ती बदलावी. नाहीतर आगीचा धोका.

नात्यांतही असेच आहे. टाकायचा तो अहंकार, माणूस नव्हे. भावाशी धरलेल्या अबोल्याचा गंज आज वेदीजवळ येण्यापूर्वीच घासून काढू या.