एकेका ओर्काची नोंद

ओर्का किंवा किलर व्हेल श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतो तेव्हा त्याचे फार थोडे अंग दिसते: पाठीवरचा उंच पर आणि त्याच्या मागचा राखाडी पट्टा. ओळख पटवायला तेवढे पुरते. पराच्या कडेला पडलेल्या खाचा, त्याचा बाक, पट्ट्याचा आकार आणि त्यावरचे ओरखडे हे सगळे प्रत्येक प्राण्याचे वेगळे असते. डाव्या व उजव्या अंगाचा पट्टाही सारखा नसतो. म्हणून फोटो कोणत्या बाजूचा आहे याची नोंद ठेवावीच लागते. लहान पिल्लांचा पट्टा नीट उमटलेला नसतो. तिथे डोळ्यामागच्या पांढऱ्या ठिपक्याचा आधार घेतात.

ही पद्धत रुजवली कॅनडाच्या नानायमो येथील सरकारी संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात ओर्का अमाप आहेत, या समजुतीवर तेव्हा मत्स्यालयांसाठी त्यांची पकड चालू होती. बिग यांनी 26 जुलै 1971 रोजी किनाऱ्यावरचे लोक, मच्छीमार आणि दीपगृहांचे कर्मचारी यांच्याकडून एकाच दिवशी मोजणी करून घेतली. आकडा काही शेंच्या पुढे गेला नाही. मग पुढची काही वर्षे ते आणि त्यांचे सहकारी होडीतून दीर्घ पल्ल्याच्या लेन्सने फोटो काढत राहिले, निगेटिव्ह सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहत राहिले आणि प्रत्येक प्राण्याला अक्षर व क्रमांक देत गेले. त्याच ओळखीच्या खुणा पुन्हा पुन्हा पुढे येऊ लागल्या आणि नवे प्राणी सापडेनासे झाले, तेव्हा मोजणी पुरी होत आल्याचे कळले. अंदाजाला याहून भक्कम उत्तर मिळणे कठीण होते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यालगतच्या पाण्यात केन बाल्कम यांनी 1976 पासून हेच काम सुरू केले. तिथल्या जे, के आणि एल या तीन गटांत मिळून सत्तरच्या आसपासच ओर्का उरले होते. पकडीत बहुतेक कोवळी पिल्ले गेली होती, त्यामुळे पुढे वयात येणाऱ्या पिढीतच खिंडार पडले होते. नुसत्या एकूण संख्येवरून हे कधीच दिसले नसते. कोण गेले हे माहीत असल्याशिवाय किती नुकसान झाले हे सांगता येत नाही, आणि या पद्धतीचे खरे मोल इथे आहे.

दशकानुदशके तेच चेहरे टिपत गेल्याने मोजणीपलीकडचे ज्ञान हाती आले. मासे खाणाऱ्या या ‘रहिवासी’ ओर्कांत मुलगे आणि मुली दोघेही आयुष्यभर आईच्या गटात राहतात. चाळिशीच्या आसपास मादीची प्रजननक्षमता संपते, पण ती पुढे अनेक वर्षे जगते. आई गेली की प्रौढ मुलाच्या मृत्यूचा धोकाही अनेक पटींनी वाढतो. सील आणि डॉल्फिनची शिकार करणारे ओर्का रहिवाशांत मिसळत नाहीत, हेही फोटोंच्या ताळ्यातूनच उलगडले. त्या दुसऱ्या प्रकाराला आज बिग यांचेच नाव आहे. 2002 साली सिएटलजवळ एकटीच भटकणारी स्प्रिंगर ही लहान मादी कोणत्या कुटुंबातली, हे तिचे आवाज आणि फोटो जुन्या नोंदींशी जुळवून ठरवता आले. मग तिला उत्तरेला नेऊन तिच्या नातलगांजवळ सोडण्यात आले आणि ती त्यांच्यात सामावली. नोंद आधीपासून नसती, तर तिला कुठे न्यायचे हाच प्रश्न सुटला नसता.

पद्धतीला मर्यादाही आहेत, आणि त्या मान्य केल्यानेच ती विश्वासार्ह राहते. फोटो सोबत दाखवतो, रक्ताचे नाते सिद्ध करत नाही. ‘ग्रॅनी’ म्हणून गाजलेल्या जे2 या मादीचा जन्म 1911 च्या सुमाराचा मानला जाई. तिच्यासोबत कायम दिसणारा नर जे1 हा तिचा मुलगा, या गृहीतकावर तो हिशेब बेतला होता. जनुकीय तपासणीत ते नाते टिकले नाही आणि वयाचा आकडा डळमळीत झाला. नोंदी सुरू होण्याआधी जन्मलेल्या प्रत्येक प्राण्याच्या वयाला ही सावधगिरी लागू पडते. पहिल्या फोटोआधीच दगावलेली पिल्ले तर नोंदीत येतच नाहीत, त्यामुळे मोजलेला जन्मदर खऱ्यापेक्षा कमीच भरतो.

आता डिजिटल कॅमेरे आहेत, संगणक जुळणी सुचवतो आणि ड्रोनच्या फोटोंवरून अंगावरची चरबी घटली का तेही मोजता येते. तरी सुचवलेली जुळणी शेवटी जाणकार माणूसच तपासतो, आणि दरवर्षी न चुकता समुद्रात जाण्याला पर्याय सापडलेला नाही. वॉशिंग्टनच्या त्या तीन गटांना अमेरिकेने 2005 साली संकटग्रस्त ठरवले. त्यांचे मुख्य अन्न असलेल्या चिनूक सामनची टंचाई, पाण्यातली रसायने आणि जहाजांचा गोंगाट ही त्यांच्या हलाखीची ठळक कारणे आहेत. त्यावरचे उपाय लागू पडतात की नाही, हे कोणत्या मादीला पिल्लू झाले आणि ते पुढच्या वर्षी तिच्यासोबत दिसले का, यावरूनच ठरते.