चौघांच्या डावातले बळ

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ प्रामुख्याने दोघांच्या झुंजीचा खेळ म्हणून रुजला. प्रत्येक खेळाडू मांत्रिकाच्या भूमिकेत असतो. भूमीचे पत्ते मांडून तो ‘माना’ ही जादूची ऊर्जा मिळवतो आणि ती खर्चून प्राणी बोलावतो किंवा मंत्र टाकतो. स्वतः पत्ते निवडून बांधलेल्या गड्डीला डेक म्हणतात. झपाट्याने हल्ला चढवणारा, समोरच्याची प्रत्येक चाल मोडून काढत सावकाश पकड घेणारा आणि ठरावीक दोन-तीन पत्ते जुळताच डाव संपवणारा, म्हणजे ‘कॉम्बो’, हे डेकचे ठळक प्रकार होत. दोघांच्या खेळात एकाला आक्रमकाची आणि दुसऱ्याला बचावाची भूमिका घ्यावी लागते आणि आपली भूमिका ओळखण्यात चुकणारा हरतो, हा माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये एका लेखात मांडलेला विचार आजही प्रमाण मानला जातो. तो खराच आहे, पण टेबलाभोवती चौघे बसले की अपुरा पडतो.

चौघांच्या खेळाचा सर्वांत रूढ प्रकार ‘कमांडर’ हा होय. हौशी खेळाडूंनी घडवलेल्या आणि २०११ पासून कंपनीने तयार डेक काढून उचलून धरलेल्या या प्रकारात डेक शंभर पत्त्यांचा असतो, मूळ भूमी वगळता कोणताही पत्ता सहसा दुसऱ्यांदा घेता येत नाही, आणि प्रत्येकाचे प्राणबळ नेहमीच्या २० ऐवजी ४० असते. आक्रमक डेकची पंचाईत येथूनच सुरू होते, कारण एकाचे २० गुण संपवण्याऐवजी त्याला तिघांचे मिळून १२० संपवायचे असतात, आणि पहिल्याला गारद करेपर्यंत उरलेले दोघे निवांतपणे आपली मांडणी पुरी करतात. नियंत्रणाच्या डेकचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. दोघांच्या खेळात स्वतःचा एक पत्ता खर्चून समोरच्याचा एक नष्ट केला तर हिशेब बरोबरीत सुटतो. चौघांत मात्र तोच व्यवहार करणारे दोघेही एकेक पत्ता गमावतात आणि ज्यांनी काहीच केले नाही ते दोघे पुढे जातात. म्हणून येथे एकावर नेम धरणाऱ्या मंत्रापेक्षा, चार माना खर्चून पटावरचे सगळेच प्राणी नष्ट करणारा ‘राथ ऑफ गॉड’ अधिक मोलाचा ठरतो.

‘रिस्टिक स्टडी’ हा २००० सालचा पत्ता या दृष्टीने नीट पाहण्याजोगा आहे. प्रतिस्पर्ध्याने मंत्र टाकताना एक माना जास्तीचा भरला नाही, तर या पत्त्याच्या मालकाला एक पत्ता ओढता येतो. प्रतिस्पर्धी एकच असेल तर ही किरकोळ अडवणूक आहे. तिघे असतील तर प्रत्येक फेरीत तीन ठिकाणांहून वसुली होते. शिवाय तिघांपैकी एकानेही घाईपायी तो माना भरायचे टाळले, तर इतर दोघांनी पाळलेली शिस्त फुकट जाते. पत्त्यावरचा मजकूर तोच राहतो, बळ मात्र टेबलानुसार बदलते.

बळ दिसून येणे हीच येथे सर्वांत मोठी जोखीम असते, कारण जो पुढे गेलेला दिसतो त्याच्यावर तिघे मिळून तुटून पडतात. त्यामुळे ‘प्रोपगँडा’सारखा, आपल्यावर चालून येणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे दोन माना मागणारा पत्ता हल्ला न थांबवताही तो शेजाऱ्याकडे वळवतो. याउलट २०१६ मध्ये आलेल्या ‘मोनार्क’ या नियमात राजपद ज्याच्याकडे असेल त्याला आपल्या पाळीच्या शेवटी एक जादा पत्ता मिळतो आणि त्याला लढाईत इजा करणाऱ्या प्राण्याचा मालक ते पद हिसकावून घेतो. थिजलेला पट हलता ठेवण्याची इतकी नेटकी युक्ती या खेळात क्वचितच सापडते.

कॉम्बो डेकला मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येचे ओझे जवळपास नसतेच. ‘थासाज ऑरॅकल’ आणि ‘डिमॉनिक कन्सल्टेशन’ ही जोडी अवघ्या तीन मानांत स्वतःची गड्डी रिकामी करून विजय मिळवते, मग समोर एक असो वा तिघे. तिला रोखण्याचा भार तिघांत वाटला जातो खरा, पण प्रतिमंत्र दुसरा कोणीतरी टाकेल या भरवशावर जो तो आपला पत्ता राखून ठेवतो, आणि अनेक डाव त्या संकोचातच हातचे जातात.

म्हणूनच कमांडरमध्ये डेकची निवड ही केवळ खासगी बाब राहू शकत नाही. कोणत्या ताकदीचा डेक आणला आहे हे डावाआधी बोलून ठरवण्याची प्रथा त्यातूनच पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘माना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’ यांसह काही महागड्या पत्त्यांवर बंदी घातल्यावर इतका संताप उसळला की नियम ठरवणाऱ्या स्वतंत्र समितीने प्रकाराची सूत्रे कंपनीच्या हाती सोपवली. कंपनीने २०२५ मध्ये डेकचे पाच स्तर सुचवले आणि डावाचा तोल बदलणाऱ्या पत्त्यांची वेगळी यादी काढली. कोणाचेही प्राणबळ एका गुणाने न घटवणारा ‘रिस्टिक स्टडी’ त्या यादीत घातला गेला, आणि तो निर्णय पूर्णपणे योग्य होता.